शंभरातले किती उगवले?

माणसाच्या अंगावरची सर्वांत निरुपयोगी वस्तू कोणती, असे कोणी विचारले तर मी 'केस' असे उत्तर देईन. आणि सर्वांत मोलाची कोणती असे विचारले तरी बहुधा तेच उत्तर देईन. डोळे गेले तर वाट दिसत नाही, दात गेले तर भाकरी चावत नाही. केस गेल्याने मात्र काही म्हणजे काही अडत नाही. भूक लागते, झोप येते, दुकानदाराचा हिशेब चुकला तर तोही ध्यानात येतो. तरीपण जो माणूस आपली कवळी हसत हसत चारचौघांत काढून दाखवतो, तोच केस विरळ झाले की फोटोसाठी मागच्या रांगेत जाऊन उभा राहतो.

भाषेनेही केसांना अवास्तव मान दिला आहे. अभय द्यायचे तर 'केसालाही धक्का लागू देणार नाही' म्हणायचे. विश्वासघातकी माणूस सुरीने नव्हे, केसाने गळा कापतो. आणि वडीलधाऱ्यांना आपला अनुभव सांगायचा असला की ते म्हणतात, "आमचे केस काही उन्हानं पांढरे झाले नाहीत." ज्यांना टक्कल पडले आहे त्यांनी आपला अनुभव कशाच्या जोरावर सांगावा, याची सोय मात्र भाषेने करून ठेवलेली नाही.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात तर केस ही निव्वळ शरीराची बाब कधीच नव्हती. तुळजापूरला जाऊन पाहावे. मराठवाड्यातून, सोलापूर-कोल्हापुराकडून, कर्नाटक-तेलंगणातून माणसे कडेवर लेकरू घेऊन येतात, आणि त्याचे जाऊळ काढून ते भवानीच्या पायाशी घालतात. लेकरू रडून आकांत करते, आई हसत असते, आत्या केस झेलायला पदर पसरून बसते. आयुष्यातले पहिले केस देवीला द्यायचे आणि उरलेले जन्मभर सांभाळीत बसायचे, असा हा करार आहे. मरीआईच्या पोतराजाने केस कापायचेच नाहीत. एखाद्या बाईच्या डोक्यात जट झाली की ती देवीची आज्ञा मानायची. ती कापायला लावण्यासाठी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांना गावोगाव घरोघर समजूत घालीत हिंडावे लागले आहे. म्हणजे केस देणे, राखणे, गुंतणे या साऱ्यांत देवीचा वाटा. गळणे तेवढे ज्याचे त्याच्याकडे!

ते माझ्याकडे आले पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास. आधी अंबाड्याच्या आकड्यांनी ते ओळखले. जिथे सहा लागत, तिथे चार पुरू लागले. मग भांग रुंदावला. पूर्वी तो शेतातल्या पायवाटेसारखा होता; आता त्याची गाडीवाट होऊ लागली. घरात उपायांना तोटा नव्हता. जाऊबाईंनी कांद्याचा रस सांगितला, शेजारणीने माक्याचे तेल सांगितले, आणि दूधवाल्याने, कोणी न विचारता, जास्वंद सांगितली. मी मात्र आधी त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी भिंगातून डोके पाहिले, रक्तातले लोह आणि थायरॉईड तपासून घेतले, आणि एका कागदावर चित्र काढून मला केसाचे शेतकीशास्त्र समजावून दिले.

डोक्यावर ढोबळमानाने एक लाख केस असतात. रोज पन्नास ते शंभर गळणे हे त्यांचे नित्याचे जाणे आहे. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, महिन्याला जेमतेम सेंटीमीटरभर. मग तो थांबतो, तीनेक महिने त्याचे मूळ विश्रांती घेते, आणि त्याच जागी नवा केस येतो. डोके म्हणजे एकाच वेळी पेरणी, वाढ आणि काढणी चाललेले शेत. माझ्यासारख्यांच्या डोक्यात होते ते असे, की दर फेरीला वाढीचा काळ आखूड होतो आणि येणारा केस आधीच्याहून बारीक येतो. ज्वारीचे ताट दर हंगामाला खुजे होत जावे, आणि शेवटी गवताच्या काडीएवढे उरावे, तसे. पुरुषांमध्ये यामागे पुरुषी संप्रेरक आणि घराण्याचा वारसा यांचा हात असतो. अमेरिकेतील जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये ते दाखवून दिले. वयात येण्यापूर्वी ज्यांची वृषणे गेली होती अशा पुरुषांना टक्कल पडत नव्हते. पण ते संप्रेरक बाहेरून दिले, की ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांचे केस जाऊ लागत. स्त्रियांचे गणित इतके सरळ नाही. तिथे वय, घराणे, लोहाची कमतरता, थायरॉईड, बाळंतपण, लांबलेला ताप अशी पुष्कळ खाती असतात.

डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि मिनॉक्सिडिल नावाचे औषध रोज भांगात लावायला सांगितले. या औषधाची कुळकथा मजेची आहे. ते निघाले रक्तदाबासाठी. गोळ्या घेणाऱ्यांचा दाब उतरला, पण कपाळावर आणि गालांवर केस उगवू लागले. जे रोग्यांना नकोसे झाले, तेच दुसऱ्यांना हवेसे होते. १९८८ मध्ये अमेरिकेत ते डोक्याला लावण्याचे औषध म्हणून मान्य झाले. "चार-सहा महिने धीर धरा," बाई म्हणाल्या, "सुरुवातीला थोडे जास्तच गळतील, घाबरू नका. आणि बंद केलंत तर मिळालेलं परत जाईल." असे तोट्यासकट सांगणारे माणूस भेटले की मला बरे वाटते.

गोष्ट इथेच संपायची. पण माझी एक भाची पुण्याला नोकरी करते. वय एकोणतीस. तिचा भांगही माझ्याच वाटेने निघाला आहे; मावशीचे डोळे नाही आले, केस आले. तिने कुठेतरी 'पेशींचा उपचार' वाचला होता. आपल्याच डोक्यातल्या मूलपेशी काढायच्या, आपल्याच डोक्यात टोचायच्या, आणि मेलेली मुळे जिवंत करायची. "मावशी, तू आधी करून घे," ती म्हणाली, "तुला गुण आला तर मी कर्ज काढते."

अशी ही जबाबदारी अंगावर घेऊन मी पुण्याच्या एका दवाखान्यात जाऊन आले. दवाखाना थंडगार होता. पांढरा कोट घातलेली एक काउन्सेलर मुलगी समोर बसली. ती डॉक्टर नव्हती, पण आवाज डॉक्टरांहून खात्रीचा होता. तिने सांगितले ते असे: कानामागून कातडीचे दोन-तीन बारीक तुकडे घ्यायचे, एका यंत्रात ते दळून गाळायचे, आणि त्यातून निघालेले पेशींचे पाणी तासाभरात डोक्यात टोचायचे. बरोबर रक्तातला घट्ट केलेला अंश टोचायच्या चार बैठका. एकूण खर्च एक लाख चाळीस हजार. मी मनातल्या मनात भागाकार केला. २०२५-२६ च्या हमीभावाने, म्हणजे क्विंटलला ५,३२८ रुपयांनी, ते सव्वीस क्विंटल सोयाबीन होत होते. आमच्या कळंब तालुक्यातल्या कोरडवाहू पाच एकरांचे, चांगल्या सालचे, सबंध पीक. आणि साल चांगले नव्हते. २०२५ च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीने आमच्या जिल्ह्यात काय केले, ते परांड्या-भूमकडच्या लोकांना विचारावे.

पण केवळ महाग आहे म्हणून एखादी गोष्ट खोटी ठरत नाही. म्हणून मी परत आल्यावर, ज्यांना कळते त्यांना विचारून, मिळेल ते वाचून, या पेशींचा माग काढायला बसले.

मूलपेशी म्हणजे ज्यांच्यापासून इतर पेशी तयार होतात अशा पेशी. शरीराचे राखून ठेवलेले बियाणे म्हणा. केसाच्या मुळाशी एका विशिष्ट फुगवट्यात त्या वस्तीला असतात, हे १९९० मध्ये जॉर्ज कॉट्सारेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. पुढे २०११ मध्ये याच कॉट्सारेलिस यांच्या गटाने एक फार बोलकी गोष्ट मांडली. एकाच माणसाच्या डोक्याचा टक्कल पडलेला भाग आणि केस असलेला भाग त्यांनी ताडून पाहिला. टकलावरच्या मूलपेशी मेल्या असतील, असे कोणीही समजले असते. पण त्या जवळपास तेवढ्याच होत्या! कमी होत्या त्या मूलपेशींपासून पुढे निघणाऱ्या, केस घडवणाऱ्या पेशी. याचा अर्थ, बी जमिनीत शाबूत आहे. अंकुर तेवढा फुटत नाही.

हे वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसले. आमच्याकडच्या दुष्काळी रानासारखे आहे म्हणायचे माझे डोके! आणि पाठोपाठ एक शंका आली, जी शेतकऱ्याच्या घरातल्या कोणालाही येईल: बी जर आहेच, तर वरून आणखी बी टाकून काय साधणार? उणीव बियाण्याची नसून ओलीची, उबेची, कसल्यातरी इशाऱ्याची आहे. पेशी टोचणारे संशोधक यावर म्हणतात, की आम्ही बी म्हणून त्या टोचत नाही. त्यांनी झोपलेल्यांना जागे करावे म्हणून टोचतो. ही आशा वेडगळ नाही. पण आशा ती आशा, आणि पीक ते पीक.

त्या आशेची नीट परीक्षा जपानात झाली आहे. शिसेडो ही तिथली सौंदर्यप्रसाधनांची नावाजलेली कंपनी. तिने तोक्योच्या डॉक्टरांबरोबर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. डोक्याच्या मागच्या भागातून, जिथले केस सहसा जात नाहीत तिथून, कातडीचा लहानसा तुकडा घेतला. केसाच्या मुळाला पेल्यासारखे धरून ठेवणाऱ्या आवरणातल्या पेशी त्यातून वेगळ्या केल्या. प्रयोगशाळेत त्या वाढवल्या, आणि मग टोचल्या. पन्नास पुरुष आणि पंधरा स्त्रिया. मला सर्वांत आवडली ती त्यांची मोजण्याची रीत. प्रत्येकाच्या डोक्यावर चार जागा ठरवल्या. तीन जागी पेशी टोचल्या, कमी-मध्यम-जास्त अशा. चौथ्या जागी पेशी नसलेले नुसते द्रावण. कुठे काय आहे हे टोचून घेणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि मोजणाऱ्यालाही नाही. आपल्याकडे नव्या खताची परीक्षा घेताना एक ओळ खताविना सोडतात ना, तसे. आणि निघाले काय? सर्वांत कमी पेशी जिथे टोचल्या होत्या, तिथे सहाव्या आणि नवव्या महिन्यांत नुसत्या द्रावणापेक्षा केस वाढलेले दिसले. जास्त पेशींनी जास्त पीक आले नाही. फरक होता, पण तो मोजपट्टीने दिसणारा. आरशातून हाक मारणारा नव्हे.

आता पुण्याच्या दवाखान्यात मला जे सांगितले ते, आणि जपानात केले ते, या दोन गोष्टी एक नव्हेत. तिथे ठराविक पेशी निवडून वाढवल्या होत्या. इथे तासाभरात कातडी दळून गाळायची होती. नाव मात्र दोन्हींना एकच: मूलपेशी. शिवाय बरोबर जोडलेला रक्ताचा अंश, ज्याला पीआरपी म्हणतात, त्यात मूलपेशी नसतातच. त्या रक्तातल्या बिंबिका. त्याने काहींना थोडा गुण येतो, असे दाखवणाऱ्या चाचण्या आहेत. पण तो वेगळा माल आहे, आणि वेगळ्या मालाला वेगळे नाव हवे. मूलपेशींचे एक प्रत्यारोपण मात्र शंभर नंबरी खरे आहे: रक्ताच्या काही रोगांत अस्थिमज्जेतल्या मूलपेशी देऊन माणसे वाचतात. त्याच पुण्याईवर हे नाव बाजारात खपते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ मध्ये जी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत रक्ताच्या अशा विकारांपलीकडचा मूलपेशींचा वापर हा उपचार नव्हे, तर संशोधन मानावा असे म्हटले आहे. आणि संशोधनात जो आपले डोके पुढे करतो, त्याच्याकडून पैसे घ्यायचे नसतात. आणखी एक गंमत. आपल्या औषधविषयक नियमांत 'जे' नावाचे एक परिशिष्ट आहे. जे रोग बरे करतो असा दावा औषधाने करू नये, अशा रोगांची ती यादी. तिच्यात टकलालाही जागा मिळाली आहे. म्हणजे टकलावरच्या रामबाणांचा अनुभव सरकारलाही जुनाच असावा.

या साऱ्या वाचनाने मला जेवढे शिकवले, तेवढेच आमच्या धाकट्या दिरांनी एका वाक्यात शिकवले होते. जूनच्या आधी ते ओसरीवर गोणपाट पसरतात. सोयाबीनचे शंभर दाणे मोजून दहा-दहाच्या ओळींत मांडतात, पोते भिजवून गुंडाळतात, आणि सहा-सात दिवसांनी उलगडून अंकुर मोजतात. सत्तर निघाले तर पेरायचे. कमी निघाले तर बी वाढवायचे नाहीतर बदलायचे. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलेच नाही अशा तक्रारींचा पाऊस पडला होता. तेव्हापासून ही परीक्षा आमच्या घरी चुकत नाही. दीर म्हणतात, "वैनी, बी कुणाचं का असंना, पिशवीवर वाघ असंना का सिंह, आधी शंभरातले किती उगवले ते सांगा म्हणायचं." तसे पाहिले तर नवरात्रातला घट म्हणजेही दुसरे काय? काळ्या मातीत धान पेरायचे, नऊ दिवस पाणी घालायचे, आणि कोणते धान जोमाने उगवले ते दसऱ्याला पाहायचे. ते धान आम्ही बायका केसांत खोचतो. केस विरळ झाले की तेही ठरत नाही, आकड्याने अडकवावे लागते, ही गोष्ट वेगळी.

मी दवाखान्यात हाच प्रश्न विचारला होता. "शंभर जणांना हे टोचलंत, त्यातल्या किती जणांना केस आले?"

"मॅडम, रिझल्ट पेशंटवर अवलंबून असतो."

"सोयाबीनही जमिनीवर अवलंबून असतं. तरी पिशवीवर उगवणीचा टक्का छापावाच लागतो."

मुलगी हसली. मग म्हणाली, "आमचे बहुतेक सगळे पेशंट समाधानी आहेत." तिने फोटो दाखवले. आधीच्या फोटोंत ओले केस आणि वरून दिवा. नंतरच्या फोटोंत कोरडे, विंचरलेले केस आणि समोरून दिवा. त्या दवाखान्याने समाधान मोजले होते. केस मोजले नव्हते.

भाचीला मी फोनवर हे सारे सांगितले. माझी अपेक्षा होती की ती म्हणेल, वाचवलंस मावशी. ती काही वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "तुला काय, तुझं सगळं झालंय. मला अजून बघायला येतात. आधी डोक्याकडे बघतात, मग माझ्याकडे."

याला उत्तर नव्हते. शास्त्राचे सगळे कागद या एका वाक्यापुढे हलके पडतात. 'सौंदर्य मनाचे असते' वगैरे वाक्ये तिला ऐकवण्याची मला लाज वाटली. ती वाक्ये नेहमी दाट केसांचे लोक सांगतात. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये लोकांचे केस अचानक, तीन-चार दिवसांत, मुठीमुठीने गेले. शरीराला त्याचा फारसा त्रास नव्हता. पण माणसे घराबाहेर पडेनात, त्या गावांत सोयरिकी जुळेनात. केस निरुपयोगी आहेत असे मी वर म्हटले. त्या गावांत जाऊन तसे म्हणण्याची माझी हिंमत नाही. तिथे एक गोष्ट मात्र योग्य क्रमाने झाली. तेल-औषधाच्या आधी पाणी, माती, धान्य, रक्त तपासायला लोक आले. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवले. पुढे बऱ्याच जणांचे केस पुन्हा येऊही लागले. आधी कारण, मग उपाय. हा क्रम श्रीमंत दवाखान्यात उलटा का होतो कोण जाणे.

भाचीच्या वाक्याने मला आणखी एक डोके आठवले. माझ्या आजीची आत्या. मी लहानपणी तिला पाहिले आहे. लाल आलवण, आणि पदराखाली काही नाही. नवव्या वर्षी लग्न, तेराव्या वर्षी वैधव्य, आणि मग आयुष्यभर दर महिन्याला वस्तरा. तिचे केस गळले नव्हते. घेतले गेले होते. अशा बायकांसाठी १८९० मध्ये मुंबईच्या नाभिकांनी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने, विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असे ठरवले होते. ज्यांचे पोट त्या वस्तऱ्यावर होते त्यांनी तो खाली ठेवला. आणि ज्यांच्या घरात या बायका होत्या त्यांतले पुष्कळ जण मात्र पुढची कित्येक वर्षे नव्या वस्तऱ्याच्या शोधात राहिले. आत्याआजीला एकदा मी विचारले होते, तुझे केस कसे होते गं? तिने हात कमरेखाली नेऊन लांबी दाखवली. बोलली काही नाही.

तेव्हापासून बाईने केसांची हौस धरणे हा मला कधीही उथळपणा वाटलेला नाही. पण एक गोष्ट लक्षात आली आहे. आत्याआजीचे केस लोकांच्या डोळ्यांना नको होते म्हणून गेले. भाचीचे केस लोकांच्या डोळ्यांना हवेत म्हणून आणायचे आहेत. दोन्ही वेळा डोके आमचे आणि मत दुसऱ्यांचे. भाचीने केस आणावेत, जरूर आणावेत. पण बघायला येणाऱ्यांसाठी कर्ज काढून नव्हे, तर आरशातल्या स्वतःसाठी, आणि पिशवीवरचा टक्का वाचून.

म्हणून मी तिला नको म्हटले नाही. चार प्रश्न लिहून पाठवले. एक: माझे केस नेमके कशाने जातात, हे तपासून झाले आहे का? दोन: टोचणार ते नक्की काय आहे, आणि टोचणारा कोण आहे? तीन: ही चाचणी असेल तर भारताच्या चाचणी-नोंदवहीत तिचा क्रमांक कोणता, आणि मग माझ्याकडून पैसे कसले? आणि चौथा आमच्या दिरांचा. ही चारही उत्तरे कागदावर, सहीनिशी मिळाली, तर मीही पुन्हा विचार करीन. या शास्त्राचे मला वावडे नाही. ज्यांनी टकलातही शाबूत बी शोधून काढले, ते उद्या अंकुर फुटण्याची युक्तीही शोधतील. तेव्हा मी रांगेत उभी राहीन, आणि पंचाहत्तरीत दोन वेण्या घालीन. आज मात्र जे विकायला आले आहे ते पीक नव्हे. उभ्या न राहिलेल्या पिकाचा सौदा आहे. आणि असल्या सौद्यात कोण बुडते, ते आमच्या जिल्ह्याला शिकवायला नको.

तूर्त माझे लोह भरले आहे आणि औषध चालू आहे. सहा महिन्यांत गाडीवाटेची पुन्हा पायवाट झाली नाही, पण हमरस्ता व्हायचा थांबला आहे असे मला वाटते; आणि 'वाटते' म्हणजे मोजलेले नव्हे, हे मी जाणून आहे. भाचीने चार प्रश्न दोन दवाखान्यांत पाठवले. एकाकडून उत्तर आले नाही. दुसऱ्याने सवलत देऊ केली. तिने कर्जाचा अर्ज तूर्त तसाच ठेवला आहे, आणि आधी रक्त तपासून घेतले. लोह बरेच कमी निघाले. ते भरून निघाल्यावर केसांचे काय होते ते पाहू. झाले तर झाले, न झाले तर पुढचे तीच ठरवील. डोके तिचे आहे.

ती दिवाळीला येते आहे. पहिल्या आंघोळीला घरातली थोरली बाई सगळ्यांच्या डोक्यांवर तेल घालते, तो मान आता माझ्याकडे आला आहे. दाट डोके असो, विरळ असो, जावयाचे चकचकीत टक्कल असो, तेल प्रत्येकाला सारखेच. माझ्या आजीने जन्मभर अशी किती डोकी चोळली असतील! त्या तेलाने केस येतात, असे तिने कधी कोणाला सांगितले नाही.